‘असईचा बदला’ घ्यायला मुलांना फोर्ट इरीला नेऊ नका

माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्टमधल्या सहलीचे जे पत्रक मंडळाने गेल्या आठवड्यात सर्व सभासदांना पाठवले, ते वाचून हे पत्र लिहीत आहे. पत्रकाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे: ‘असईचा बदला नायगाऱ्यावर! इंग्रजांची फजिती याचि देही याचि डोळा पाहा!’ त्याखाली लाल डगल्यातला एक सैनिक पळताना दाखवला आहे आणि त्याच्यामागे तलवार उगारलेला मावळा आहे. दुपारी एक वाजता कॅनडा-अमेरिका सरहद्दीवरच्या फोर्ट इरी किल्ल्यात पोहोचणे, दीड वाजता लढाई, तीन वाजता धबधबा, पाच वाजता खरेदी आणि सात वाजता बुफे, असा कार्यक्रम दिला आहे. मुलांनी मावळ्यांचा पोशाख करून यावे, प्लास्टिकच्या तलवारी मंडळातर्फे मिळतील, अशी टीपही आहे.

हे आक्षेप मी आधी खाजगीत कळवले होते. तीन मेल पाठवले आणि एकाचेही उत्तर आले नाही. ज्या पालकांनी नावनोंदणीला सुरुवात केली आहे त्यांना आपण मुलांना नेमके काय पाहायला पाठवत आहोत हे कळायला हवे, म्हणून आता हे पत्र खुले ठेवत आहे.

माझा या गोष्टीशी संबंध काय, ते आधी सांगते. मंडळाच्या शनिवारच्या मराठी शाळेत मी अकरा वर्षे शिकवते. त्यातली गेली नऊ वर्षे, दर ऑगस्टमधले ते दोन दिवस, मी फोर्ट इरीच्या छावणीत असते. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या १८१२ च्या युद्धात, १८१४ साली या किल्ल्याला पडलेल्या वेढ्याचा जो देखावा तिथे उभा केला जातो, ज्याला सगळे रीएनॅक्टमेंट म्हणतात, त्यात माझे काम पाणी देण्याचे. ऑगस्टच्या उन्हात लोकरीचा जाड डगला, गळ्याभोवती चामड्याची ताठ पट्टी आणि खांद्यावर साडेचार किलोची बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दर काही मिनिटांनी पाणी मिळाले नाही तर तो इतिहासाबितिहासाची पर्वा न करता कोसळतो. म्हणून सुती झगा आणि गवताची टोपी घालून आम्ही काही बायका डबे घेऊन रांगांमधून फिरतो. (ताकही नेते. ते १८१४ च्या नियमांत बसत नाही, त्यामुळे तंबूमागे प्यायले जाते; पण आता दोन्ही बाजूंचे सैन्य त्याची वाट पाहते.) आणि आणखी एक संबंध: माझे माहेर जालन्याचे. असई आमच्या जिल्ह्यात आहे. पत्रकात जो धागा तुम्ही वापरला, तो दोन वर्षांपूर्वीच्या पालकसभेत मीच सांगितला होता. त्याचे असे होईल हे तेव्हा सुचले असते तर गप्प बसले असते.

त्या धाग्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळा घोळ तिथेच झाला आहे.

मी सांगितले होते ते एवढेच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे आणि भोसल्यांच्या मराठी फौजेवर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने हल्ला चढवून तिला हरवले, त्यात १९ वी लाइट ड्रॅगून्स ही घोडदळाची पलटण होती. हीच पलटण पुढे १८१३ मध्ये कॅनडात आली, आणि १८१४ च्या उन्हाळ्यात नायगाऱ्याच्या मोहिमेत ब्रिटिश सेनापती गॉर्डन ड्रमंडच्या सैन्यात तिचे स्वार होते. ‘असई’ आणि ‘नायगारा’ ही दोन्ही नावे त्या एकाच पलटणीच्या मानचिन्हांत आहेत. ज्या मुलांना जालना नकाशावर दाखवता येत नाही आणि नायगारा फक्त धबधब्यापुरता माहीत आहे, त्यांना या दोन ठिकाणांमध्ये एक दोरी बांधता यावी, म्हणून मी ते सांगितले. तुम्ही त्या दोरीचा फास केलात.

बदला म्हणायचा तर कोणाचा आणि कोणावर, हे तरी पाहू या. असईला वेलस्लीच्या बाजूने लढलेल्यांत मोठा भरणा मद्रासच्या देशी शिपायांचा होता. समोर शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सरदार पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन होता. त्या दिवशी वेलस्लीच्या सैन्यातले दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले आणि त्यांतले पुष्कळसे आपल्याच देशातले होते. आता फोर्ट इरीला या. १५ ऑगस्ट १८१४ च्या पहाटेआधीच्या अंधारात ज्या तुकड्या या किल्ल्यावर चालून गेल्या, त्यांत डी वॉटव्हिलची रेजिमेंट होती. ती उभारली स्वित्झर्लंडच्या लोकांनी, पण तोपर्यंत तिच्यात जर्मन, पोल, इटालियन असे युरोपभरचे लोक जमले होते. त्यांत १०४ वी रेजिमेंट होती, जी न्यू ब्रन्सविकची, म्हणजे इथल्याच मातीतली. तिचे सैनिक १८१३ च्या हिवाळ्यात बर्फातून हजार किलोमीटरहून जास्त अंतर चालत फ्रेडरिक्टनहून किंग्स्टनला आले होते. त्यांचा अधिकारी लेफ्टनंट कर्नल विल्यम ड्रमंड त्या रात्री मारला गेला. न्यू ब्रन्सविकच्या शेतकऱ्याच्या पोराने असईचे काय वाकडे केले होते?

दुसरे म्हणजे, पत्रकावरून असे वाटते की किल्ल्यात आपली माणसे आहेत आणि बाहेरून इंग्रज चालून येत आहेत. वस्तुस्थिती उलटी आहे. किल्ला ब्रिटिशांचाच होता. ३ जुलै १८१४ रोजी अमेरिकन सैन्य नायगारा नदी ओलांडून आले आणि जवळपास न लढताच तो त्यांच्या हाती पडला. जुलैमध्ये चिपावा आणि लंडीज लेन इथे दोन मोठ्या लढाया झाल्या, त्यानंतर अमेरिकन मागे हटून या किल्ल्यात शिरले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गॉर्डन ड्रमंडने वेढा घातला. म्हणजे आत होते ते कॅनडात घुसलेले सैन्य आणि बाहेर होते ते कॅनडा राखायला आलेले. आपण ज्या देशाचे नागरिकत्व शपथ घेऊन स्वीकारले त्या देशाच्या राखणदारांची फजिती पाहायला आपण मुलांना बस भरून नेत आहोत, आणि तेही तिकीट काढून. मला देशभक्तीची परीक्षा कोणाचीच घ्यायची नाही, आणि ब्रिटिश साम्राज्याबद्दल जालन्याच्या मुलीला जे वाटायचे ते मलाही वाटते. पण निदान कोण आत होते आणि कोण बाहेर, एवढे तरी पत्रक लिहिण्याआधी बघायला हवे होते.

आणि फजिती? त्या रात्री काय झाले ते थोडे सविस्तर सांगते, कारण पत्रकातल्या त्या शब्दाला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. हल्ला तीन बाजूंनी ठरला होता. दक्षिणेकडे स्नेक हिल नावाच्या मोर्चावर जी तुकडी गेली तिच्या बंदुकींच्या ठिणगी पाडणाऱ्या गारगोट्या काढून घेतल्या होत्या, म्हणजे अंधारात चुकून बार उडून शत्रू सावध होऊ नये. त्यामुळे प्रत्यक्ष समोर आल्यावर त्या माणसांना गोळी झाडताच येईना. बरोबर आणलेल्या शिड्या आखूड निघाल्या. काही जण अडथळ्यांना वळसा घालायला सरोवराच्या पाण्यात उतरले आणि वाहून गेले. दुसऱ्या बाजूचे मात्र ईशान्येच्या बुरुजात शिरले आणि तिथे हातघाईवर लढत राहिले. उजाडायच्या सुमारास त्यांच्या पायाखालच्या दारूच्या साठ्याचा भडका उडाला. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या बखरी वाचलेल्या माणसाला दारूकोठार उडणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्या एका रात्रीत ब्रिटिशांची सुमारे ९०० माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली; अमेरिकनांची शंभराच्या आत. वेढा त्यानंतरही पावसात आणि चिखलात चालूच राहिला. १७ सप्टेंबरला अमेरिकनांनी बाहेर पडून मोर्चांवर छापा घातला, दोन्हीकडची शेकडो माणसे पुन्हा पडली, आणि २१ सप्टेंबरला ड्रमंडने वेढा उठवला. आणि मग? ५ नोव्हेंबरला अमेरिकनांनी स्वतःच किल्ला सुरुंगांनी उडवून दिला आणि नदी ओलांडून परत गेले. डिसेंबरात गेंटचा तह झाला आणि सरहद्द जिथे होती तिथेच राहिली.

आज आपण जो पाहतो तो किल्ला त्या ढिगाऱ्यावर १९३७ ते १९३९ या काळात पुन्हा बांधलेला आहे. बांधकामासाठी खणताना एक सामुदायिक थडगे सापडले. त्यात १५० ब्रिटिश आणि ३ अमेरिकन सैनिकांचे अवशेष होते. ते किल्ल्यापुढच्या स्मारकाखाली पुन्हा पुरले आहेत, एकत्रच. पुढे १९८७ मध्ये स्नेक हिलजवळ एका घराच्या बांधकामात आणखी हाडे निघाली. त्यांतले २८ सैनिक अमेरिकन असल्याचे ठरले आणि पुढच्या वर्षी, पावणेदोनशे वर्षांनी, त्यांना लष्करी इतमामाने नदीपलीकडे परत नेले.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. लढाई संपल्यावर आपल्या सहलीतली आठ-दहा मुले त्या स्मारकाच्या पायऱ्यांवर चढून पकडापकडी खेळत होती. मुलांचा दोष नव्हता. त्याखाली काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, कारण गेल्या वर्षीच सकाळचा स्मारकाजवळचा कार्यक्रम ‘वेळेअभावी’ गाळला होता. त्यांचे फोटो काढणारे मात्र मोठे होते. त्यांतला एक फोटो मंडळाच्या वार्षिक अंकाच्या मलपृष्ठावर आला. माझ्याबरोबर छावणीत असलेल्या एका बाईने, जी दरवर्षी नदीपलीकडून येते, तो अंक नंतर माझ्याकडे पाहिला आणि फक्त विचारले, ‘ही तुमची मुले का?’ मी हो म्हटले. ती पुढे काही बोलली नाही.

त्याउलट चार वर्षांपूर्वी सहलीला एक आजोबा आले होते, लेकीकडे आलेले. १९७१ च्या युद्धात होते, एवढेच त्यांनी सांगितले. लढाईचा देखावा सुरू झाला, तोफांना बत्ती दिली गेली, पांढऱ्या धुराने मैदान भरून गेले आणि सगळे फोन उंच झाले, तेव्हा ते दोरीशी उभे राहून माझ्याकडे बघत होते. नंतर जवळ येऊन म्हणाले, ‘ताई, खऱ्या लढाईत पाणी कोण देत होतं यांना?’ मी जे ठाऊक होते ते सांगितले: पलटणीबरोबर येण्याची परवानगी शंभर माणसांमागे साधारण सहा बायकांना असे, तीही चिठ्ठ्या टाकून, त्या धुणी धूत, जखमींचे पाहत. ‘आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्या?’ त्यांनी विचारले. त्या बंदरावरच राहत, मी म्हटले. ते स्मारकाकडे गेले, टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले आणि बसमध्ये जाऊन बसले. या सहलीचे मोल कशात आहे असे मला कोणी विचारले तर मी त्या प्रश्नाकडे बोट दाखवीन. तुमच्या नव्या वेळापत्रकात तो प्रश्न विचारायला जागा उरलेली नाही.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात. दीड तासात दिसतो तो फक्त धूर आणि आवाज. छावणी दिसत नाही, चुलीवरचा स्वयंपाक दिसत नाही, काडतूस कसे वळतात ते दिसत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आताच एकमेकांवर बंदुका रोखून उभी असलेली माणसे सावलीत शेजारी बसून एकाच डब्यातले जेवताना दिसत नाहीत. काडतुसाचे मी मुद्दाम लिहिले, कारण त्या वेळच्या दारूतला मुख्य घटक सोरा. ब्रिटिशांचा सोरा बव्हंशी बिहार-बंगालमधून कंपनीच्या जहाजांनी जात असे. म्हणजे नायगाऱ्याच्या काठी उडालेल्या बारांत आपल्याकडची माती होती. दिवाळीतल्या सुतळी बॉम्बचा वास छावणीत आला की आमची मुले एकदम जागी होतात. त्या क्षणी त्यांना हे सांगितले तर ते त्यांच्या लक्षात राहते. पुस्तकातून राहत नाही, हे मी शाळेत करून पाहिले आहे.

प्लास्टिकच्या तलवारींचे. यात एक सरळ व्यावहारिक बाब आहे. मैदानावर खरी दारू असते. गोळी नसते, ठासणीचा गज वापरत नाहीत, नळी समोरच्यावर रोखू न देता थोडी वर धरतात, प्रत्येक बंदूक आधी तपासून घेतात, आणि तरीही वीस पावलांवरून नुसत्या बाराने भाजू शकते अशा भीतीनेच सगळे वागतात. प्रेक्षकांपुढची दोरी शोभेसाठी नसते. वीस-पंचवीस मुलांच्या हाती तलवारी देऊन ‘हर हर महादेव’ म्हणत त्यांना त्या दोरीपर्यंत पळत जायला लावायचे आणि त्याची चित्रफीत करायची, असा बेत मला एका सदस्यांनी उत्साहाने सांगितला. त्यांच्या उत्साहाबद्दल शंका नाही. पण दोरीखालून एक जरी मूल आत घुसले तर ती लढाई तिथल्या तिथे थांबवली जाते, आणि थांबवायलाच हवी. मावळ्यांचा पोशाख आपल्याला प्रिय आहे म्हणूनच तो शिवजयंतीला, त्याच्या जागी, घालू या. दुसऱ्यांच्या मेलेल्यांच्या जागी तो घालून नाचणे मला महाराजांच्या नावालाही शोभणारे वाटत नाही.

एक गोष्ट पत्रकात नाही, आणि ती आपल्या आधीच्या सहलींतही पुरेशी नव्हती. यात माझाही दोष आहे. त्या लढाईत कॅनडा आणि अमेरिका एवढेच दोन पक्ष नव्हते. ५ जुलैला चिपावाला होडेनोशोनी, म्हणजे इथल्या मूळनिवासींच्या सहा राष्ट्रांचे लोक, दोन्ही बाजूंनी लढले: ग्रँड रिव्हर नदीकाठचे ब्रिटिशांकडून आणि सरहद्दीपलीकडचे सेनेका अमेरिकनांकडून. भाऊबंदच समोरासमोर आले. त्या दिवसानंतर त्यांच्यातल्या बहुतेकांनी दुसऱ्यांच्या या भांडणातून अंग काढून घेतले. मला सबंध तीन वर्षांच्या युद्धात याहून शहाणा निर्णय दिसत नाही. ग्रँड रिव्हर आपल्या मंडळाच्या सभागृहापासून तासाभरावर आहे, आणि आपल्यातले निम्मे लोक ज्या मिसिसागात राहतात त्या शहराचे नावच एका अशा राष्ट्राचे आहे जे त्या युद्धात लढले. छावणीत मला दरवर्षी कोणीतरी विचारते, ‘तुम्ही इंडियन का?’ आणि विचारणाऱ्याच्या मनात जालना नसते. पहिल्या वर्षी मी चिडले होते. आता मी त्यांना दोन्ही उत्तरे देते.

मुलांना कंटाळा येतो, असे तुमचे म्हणणे आहे. ते खोटे नाही. एका वर्षी मी स्मारकापाशी भर उन्हात पन्नास मिनिटे बोलले होते. त्या वर्षी कंटाळा आला नसता तरच नवल. पण त्याच्या पुढच्या वर्षीपासून सहलीआधीच्या दोन शनिवारी शाळेत आम्ही दुसरीच पद्धत केली. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी देत होतो. त्यावर एक माणूस: डी वॉटव्हिलचा शिपाई, ढोल वाजवणारा बारा वर्षांचा पोरगा, किल्ल्यातला अमेरिकन तोफची, ग्रँड रिव्हरचा लढवय्या, बंदरावर राहिलेली बायको. दिवसभर ते मूल किल्ल्यात आपल्या माणसाची जागा शोधत फिरायचे, आणि संध्याकाळी चिठ्ठीची मागची बाजू उलटून त्याचे काय झाले ते वाचायचे. एका आठ वर्षांच्या मुलीने तिची चिठ्ठी उलटली, वाचली, आणि विचारले, ‘बाई, पण मग जिंकलं कोण?’ मी सांगू लागले: वेढा उठला, पण किल्लाही उडवला, सरहद्द तिथेच राहिली. ती म्हणाली, ‘म्हणजे कोणीच नाही?’ मी तिला उत्तर दिले नाही, तिने ते स्वतःच वहीत लिहिले. या वर्षी ते दोन्ही तास रद्द करून त्या वेळात मावळ्यांच्या नृत्याची तालीम ठेवली आहे. शाळेच्या चारही शिक्षिकांना हा निर्णय पत्रकातूनच समजला.

खर्चाचा मुद्दा तेवढा मी मान्य करते. बसचे भाडे वाढले आहे, स्वयंसेवक मिळत नाहीत, आणि धबधबा व खरेदी जोडली की नोंदणी दुप्पट होते, हे खजिनदारांनी दाखवलेल्या हिशेबावरून स्पष्ट आहे. पण मग ती धबधब्याची सहल म्हणून खुशाल काढा, तीत लढाई कोंबू नका.

माझ्या मागण्या अशा. ‘असईचा बदला’ आणि ‘फजिती’ हे शब्द असलेले पत्रक मागे घ्यावे आणि ज्यांना ते पाठवले त्या सर्वांना चार ओळींचा खुलासा पाठवावा. खुलासा मी लिहून देते, हवा तसा बदलून घ्या. बस सकाळी दहाच्या आत पोहोचेल अशी निघावी आणि किल्ल्यात शिरण्याआधी मुलांना स्मारकापाशी नेऊन तिथे पाच मिनिटे थांबावे. पाचच, पन्नास नाही, हे मी लेखी देते. त्या दिवशी कोणत्याही प्रकारचे खेळण्यातले शस्त्र बसमध्ये घेऊ नये. शाळेचे दोन तास परत द्यावेत. या वर्षी शक्य नसेल तर पुढच्या वर्षीपासून सहलीआधी ग्रँड रिव्हरच्या एखाद्या जाणकाराला शाळेत बोलवावे, आणि त्यांना मानधन द्यावे. आपण नाटकवाल्यांना देतो तेवढे तरी. वार्षिक अंकातल्या त्या फोटोबद्दल पुढच्या अंकात दिलगिरीची एक ओळ यावी. आणि शाळेशी संबंधित निर्णय घेताना शिक्षिकांपैकी एकीला तरी बैठकीला बोलवावे.

यांतले पत्रक, बसची वेळ आणि तलवारी या तीन गोष्टी नावनोंदणी बंद व्हायच्या आत ठरल्या नाहीत, तर शिक्षिका म्हणून मी त्या बसमध्ये मुलांसोबत बसणार नाही. हा रुसवा नाही. शाळेतले माझे वर्ग नेहमीप्रमाणे चालू राहतील आणि मंडळाच्या दिवाळीच्या फराळाचे कामही मी दरवर्षीसारखेच करीन. फक्त जे मी मुलांना शिकवले त्याच्या उलट दाखवायला त्यांचा हात धरून नेणे मला जमणार नाही.

फोर्ट इरीला मात्र मी असेनच. जे पालक मुलांना स्वतःच्या गाडीने आणू इच्छितात त्यांनी शनिवारी सकाळी स्मारकापाशी यावे. चिठ्ठ्या मी घरून लिहून आणणार आहे. दुपारी मी मैदानाच्या नदीकडच्या बाजूला, लाल डगल्यांच्या मागच्या रांगेत डबा घेऊन असते. टोपी आणा, पाणी भरपूर आहे.

आपली,
मराठी शाळेतली एक शिक्षिका